इंटरनेट गेलं तरी दिवा लागला पाहिजे



मागच्या भागात आपण इन्व्हर्टर आणि बॅटरीबद्दल बोललो. तेव्हा ओघात मी म्हणून गेलो की, माझ्या घरातला हब इन्व्हर्टरवर आहे. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, सर, हा हब म्हणजे नक्की काय? राउटरच ना? नाही, राउटर नाही. आज त्याचंच सांगतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

नवीन आलेल्यांसाठी माझी ओळख दोन ओळींत. साताऱ्यात बी.एस्सी. केलं, मद्रासच्या सेंट थॉमस माउंटला प्रशिक्षण घेतलं आणि कोर ऑफ सिग्नल्समध्ये नोकरी केली. म्हणजे आयुष्यभर तारा ओढल्या आणि रेडिओ लावले. पत्नीचं माहेर चेन्नईचं, घराणं तंजावरकडच्या मराठी लोकांचं, म्हणून निवृत्तीनंतर इथेच आदंबाक्कमला पहिल्या मजल्यावर राहतो. सासूबाई आमच्याकडेच असतात. आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. आजची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते.

डिसेंबर २०२३. मिचाँग चक्रीवादळ. ते किनाऱ्याला लागलं पुढे आंध्रात बापटलाजवळ, ५ तारखेला. पण ३ आणि ४ डिसेंबरला चेन्नईला त्यानं धुऊन काढलं. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी, वेळचेरीत गाड्या तरंगताहेत, आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी. वीज गेली. माझी तयारी होती. इन्व्हर्टर चालू, दिवे चालू, पंखे चालू. मी पत्नीला ऐटीत म्हणालोसुद्धा, "बघ, आर्मीवाल्याचं घर आहे."

रात्री तीनच्या सुमाराला सासूबाई बाथरूमला जायला उठल्या. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळात मी स्वतः एक सोय केली होती. हालचाल ओळखणारा सेन्सर आणि वायफायवर चालणारा बल्ब. कोणी बोळात पाऊल टाकलं की बल्ब आपोआप मंद लागायचा. वर्षभर ते इतकं चोख चाललं होतं की त्यांनी भिंतीवरचं बटण शोधणं सोडून दिलं होतं. शोधून उपयोगही नव्हता म्हणा. स्मार्ट बल्बला सतत वीज लागते, कोणी बटण बंद केलं तर तो मरतो, म्हणून त्या बटणावर मीच चिकटपट्टी लावून ठेवली होती.

त्या रात्री बल्ब लागला नाही. बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळला, आणि पडताना त्यांनी हात टेकला. मनगट मोडलं. बाहेर पाणी, रुग्णवाहिका यायची सोय नाही. वर्तमानपत्राची जाड घडी करून, ओढणी बांधून मी फळी केली, फौजेत शिकवतात तशी. दवाखान्यात पोहोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. इतके तास त्या बाईंनी हूं की चूं केलं नाही. उलट मलाच म्हणत होत्या, तुम्ही झोपा जरा.

दोन दिवसांनी मी चौकशी समिती बसवली. समितीत मी एकटाच. सेन्सरची बॅटरी ठीक होती. बल्ब ठीक होता, इन्व्हर्टरवर होता. राउटरसुद्धा चालू होता. बंद होतं ते फक्त बाहेरचं इंटरनेट, फायबर कुठेतरी तुटलेलं. मग बल्ब का लागला नाही? कारण सेन्सर आणि बल्ब यांच्यात सात फुटांचं अंतर असलं तरी ते एकमेकांशी बोलतच नव्हते. सेन्सर आपली बातमी देशाबाहेरच्या कुठल्या तरी सर्व्हरला पाठवत होता. "हालचाल झाली की बल्ब लाव" हा हुकूम त्या सर्व्हरवर लिहिलेला होता. तिथून हुकूम परत माझ्या बोळात येत होता. सात फुटांसाठी हजारो किलोमीटरची फेरी. हे मला, आयुष्यभर दळणवळणाचं काम केलेल्या माणसाला, वर्षभर कळलं नाही. बनवणाऱ्याला दोष देऊन काय करू, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की इंटरनेट आवश्यक आहे.

आता इथे मला फौजेतलं एक जुनं साधन आठवतं. आमच्या वेळी ब्रिगेड मुख्यालयात हाताने चालवायचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज असायचं. पुढच्या पलटणींच्या लाईनी त्यात यायच्या आणि एक लाईन मागे डिव्हिजनकडे जायची. ती मागची लाईन तुटायची. शत्रूमुळे कमी, आपल्याच ट्रकच्या चाकाखाली जास्त. पण ती तुटली म्हणून दोन पलटणींचं आपसातलं बोलणं थांबायचं नाही, कारण त्यांना जोडणारा ऑपरेटर तिथेच खंदकात बसलेला असायचा. मागची लाईन दुरुस्त होईपर्यंत ब्रिगेड आपली लढाई लढू शकत असे.

घरातला हब म्हणजे हे खंदकातलं एक्स्चेंज. बस. सेन्सर, बल्ब, पंखे, प्लग या सगळ्यांच्या लाईनी त्याच्याकडे येतात, हुकूम त्याच्याच पोटात लिहिलेले असतात, आणि इंटरनेट ही फक्त मागे जाणारी एक लाईन असते. असली तर चांगलं, नसली तर घर थांबत नाही.

दिसायला तो हाताच्या पंजाएवढा डबा असतो. आत छोटा संगणक आणि एकापेक्षा जास्त रेडिओ. एकापेक्षा जास्त कशाला? कारण बाजारातली उपकरणं एका भाषेत बोलत नाहीत. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

वायफाय तुम्हाला माहीत आहे. ते म्हणजे तीनटनी ट्रक. व्हिडिओसारखा जड माल न्यायला उत्तम, पण डिझेल फार पितो. "दार उघडलं" एवढाच निरोप द्यायला ट्रक कशाला पाठवायचा? बटणाएवढ्या बॅटरीवर वर्षभर चालायचं असेल तर सायकलवाला हरकारा पाहिजे. तो हरकारा म्हणजे झिगबी. माहिती नेण्याचा वेग फार तर सेकंदाला २५० किलोबिट, वायफायपुढे काहीच नाही, पण दाराच्या सेन्सरला तेवढाही लागत नाही. सेन्सर झोपलेला असतो, काही घडलं की जागा होतो, निरोप देतो, परत झोपतो. नाव गमतीचं आहे. मधमाश्या पोळ्यात परत आल्यावर वेडीवाकडी नागमोडी नाचून फुलं कुठे आहेत ते सांगतात, त्यावरून ते घेतलं म्हणतात.

दुसरा हरकारा झेड-वेव्ह. डेन्मार्कमध्ये जन्मलेला. तो झिगबीसारखाच, पण वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, आणि इथे एक सापळा आहे. झिगबी जगभर २.४ गिगाहर्ट्झवर असतो, कुठूनही आणा, चालतो. झेड-वेव्हची फ्रिक्वेन्सी मात्र देशागणिक बदलते. भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, अमेरिकेत ९०८.४. आपल्याकडे ८६५ ते ८६८ हा पट्टा अशा छोट्या उपकरणांना विनापरवाना मोकळा आहे. अमेरिकेचा ९०८ मात्र आपल्या मोबाईल फोनच्या पट्ट्यात येतो. तेव्हा न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याला "येताना एक हब घेऊन ये रे" असं सांगू नका. त्याचा झेड-वेव्ह भारतीय उपकरणांशी बोलणार नाही, आणि वर बेकायदा प्रक्षेपण तुमच्या नावावर. सिग्नल्सवाल्याच्या घरी हे शोभत नाही. मी स्वतः झेड-वेव्ह वापरत नाही. भारतीय फ्रिक्वेन्सीची उपकरणं शोधत बसावी लागतात, आणि माझं काम झिगबीवर भागतं.

मग इन्फ्रारेड. टीव्ही, एसी आणि नवीन कमी विजेचे पंखे यांचे रिमोट बहुधा यावर चालतात. हा रेडिओ नाही, प्रकाश आहे. समोर दिसलं तरच काम होणार. काही हबमध्ये इन्फ्रारेडचा दिवा आतच असतो, पण मग हब त्याच खोलीत, समोर हवा. मी त्यासाठी हॉलमध्ये वेगळी डबी ठेवली आहे. ब्लूटूथ तुम्हाला ठाऊकच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आणि आता दोन नवीन नावं, थ्रेड आणि मॅटर. दुकानदारसुद्धा ती एकमेकांच्या जागी वापरतात. आमच्या घरचं उदाहरण देतो. सासूबाई भाजीवाल्याशी तमिळ बोलतात, मुलीशी तंजावरी मराठी आणि माझ्याकडे पाहुणा आला तर थोडीशी हिंदी. भाषा बदलतात, पण भाजीवाला ज्या जिन्यानं येतो त्याच जिन्यानं पाहुणा येतो. जिना वेगळा, भाषा वेगळी. झिगबी आणि झेड-वेव्ह यांच्यात जिना आणि भाषा दोन्ही एकत्र विकलं जातं. थ्रेड हा फक्त जिना आहे, कमी विजेवर चालणारा. मॅटर ही फक्त भाषा आहे. ती वायफायच्या रस्त्यानेही येते, थ्रेडच्या रस्त्यानेही येते, साध्या नेटवर्कच्या वायरनेही येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली, मोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेली. तिची मला आवडलेली गोष्ट ही की, उपकरण आणि हब यांचं बोलणं घरातल्या घरात व्हावं हे तिच्या रचनेतच आहे. पुढची दहा वर्षं बघता हबमध्ये थ्रेड आणि मॅटर असावं. पण आज बाजारात स्वस्त आणि मुबलक उपकरणं झिगबीची आहेत, तेव्हा झिगबी तर हवंच.

हब दुभाष्याचंही काम करतो ते असं. झिगबीचा सेन्सर, वायफायचा प्लग आणि इन्फ्रारेडचा पंखा यांची आपसात ओळखसुद्धा नसते. हब तिघांचं ऐकतो आणि एकाचा निरोप दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगतो.

तयार हब मिळतात. हॉलंडमधल्या कंपनीचा होमी प्रो आहे, त्यात यातले जवळजवळ सगळे रेडिओ एकाच डब्यात येतात. अमेरिकेचा ह्युबिटॅट आहे, त्याची झेड-वेव्ह फ्रिक्वेन्सी तपासून घ्या. मी मात्र होम असिस्टंटकडे वळलो. हे पौलुस स्खाउटसेन नावाच्या डच मूळच्या माणसानं २०१३ मध्ये सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. छोट्या डब्यात तयारही मिळतं, नाहीतर जुन्या छोट्या संगणकावर टाकता येतं. त्याला मी दोन यूएसबी रेडिओ लावलेत, एक झिगबीला, एक थ्रेडला. एकाच रेडिओवर दोन्ही चालवायचे प्रयोग लोकांनी केले, पण मी एका जवानाला एकच ड्युटी देतो.

मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह कशासाठी? दोन प्रसंग सांगतो. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब अमेरिकेत विकला जायचा. २०१४ मध्ये ती कंपनी नेस्टनं विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. लोकांनी पैसे मोजून घेतलेला डबा दुसऱ्या दिवशी कागदावर ठेवायचं वजन झाला. दुसरा प्रसंग एप्रिल २०२२ चा. इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर एक दिवस सूचना न देता अंधारात गेले. ग्राहकांना ॲप उघडल्यावर कळलं. पुढे काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी घेतली आणि सेवा पुन्हा उभी केली, हे त्यांचं कौतुक. पण सर्व्हर बंद असताना ज्यांचे हुकूम घरातल्या डब्यात होते त्यांचं काम चालू राहिलं, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष लावण्याबद्दल. इथे मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका.

पहिल्या दिवशी मी हब गोदरेजच्या कपाटावर ठेवला. उंच जागा, रेडिओसाठी चांगली, असा विचार. पण कपाट पोलादी, आणि हब त्याच्या मागच्या कोपऱ्यात. म्हणजे अँटेनासमोर स्वतःच चिलखत उभं केलं. सेन्सर दिवसातून चार वेळा गायब. दुसरी चूक, रेडिओची काडी थेट यूएसबी ३ च्या खोबणीत खोचली. ती खोबण काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, हे इंटेलनं २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. हात-दीड हाताची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून रेडिओ लांब नेला, हब लाकडी मांडणीवर आणला, आणि अर्धे रोग बरे झाले.

उरलेला अर्धा रोग वायफायचा. चेन्नईत काय, पुण्यात काय, फ्लॅटमध्ये बसून फोनवर शोधलं तर शेजाऱ्यांची वीस-वीस वायफाय दिसतात. तीही २.४ वरच. वायफायचे १, ६ आणि ११ हे नेहमीचे चॅनेल जवळजवळ सगळा पट्टा खातात. त्यांच्या फटीत झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनेल बसतात. मी राउटरचा २.४ चा वायफाय १ वर कायम केला आणि झिगबी २५ वर नेला, एकमेकांपासून जितका लांब तितका चांगला. हे पहिल्याच दिवशी ठरवा. चाळीस उपकरणं जोडल्यावर चॅनेल बदलणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताटं उचलून दुसरीकडे मांडणं.

तरीही आपल्या भिंती नऊ इंची विटांच्या आणि खांब काँक्रीटचे. एका रेडिओचा आवाज तीन भिंतींपलीकडे पोहोचत नाही. त्यासाठी झिगबीत एक सुंदर सोय आहे. विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण, म्हणजे प्लग, बल्ब, बहुतेक रिले, हे दुसऱ्याचा निरोप पुढे पोहोचवतं. डोंगराळ भागात आम्ही माथ्यावर रिले स्टेशन लावायचो तेच. बॅटरीवरची उपकरणं हे काम करत नाहीत, ती झोपलेली असतात ना. म्हणून आधी विजेवरची चार उपकरणं घरभर पेरा आणि मग सेन्सर जोडा. उलटं करू नका.

एवढं झाल्यावर मी पहिली परीक्षा घेतली. एका रविवारी संध्याकाळी राउटरमागची फायबरची वायर काढली आणि कोणाला सांगितलं नाही. दिवे लागले, पंखे चालले, बोळातला दिवा लागला. पत्नीच्या फोनवरची मालिका तेवढी बंद पडली, तेव्हा गुपित फुटलं. मी खूश.

पण मिचाँगच्या वेळी इंटरनेटबरोबर वीजही गेली होती. म्हणून पुढच्या रविवारी मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर सुरू झाला. हब दोन सेकंद बंद पडून परत सुरू झाला, कारण इन्व्हर्टर साध्या मोडवर होता. मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस मोडचं, ते दाबल्यावर तो प्रश्न सुटला. त्यात बॅटरी सुरू व्हायला लागणारा वेळ कमी होतो. मग मी बोळात चालून बघितलं. दिवा लागला नाही.

खरं सांगतो, पोटात गोळा आला. परत तेच? इतके महिने घालवून?

तासभर डोकं खाजवल्यावर सापडलं. बोळातल्या सेन्सरचा निरोप थेट हबला जात नव्हता. तो जात होता गीझरजवळच्या एका स्मार्ट प्लगमार्फत, कारण तो सगळ्यात जवळचा रिले होता. गीझरची लाईन इन्व्हर्टरवर नसते, कोणाच्याच घरी नसते. वीज गेली, प्लग मेला, आणि सेन्सरचा निरोप्याच गेला. असा अनाथ सेन्सर दुसरा रस्ता शोधतो, पण लगेच नाही, आणि कधी कधी शोधतच नाही. म्हणजे रोजच्या दिवशी उत्तम चालणारं जाळं नेमकं गरजेच्या रात्री फाटतं. तेव्हा हे लिहून ठेवा: महत्त्वाच्या सेन्सरच्या वाटेवरची विजेवरची उपकरणं इन्व्हर्टरच्या लाईनवर हवीत. माझ्या ऐकण्यात हे कोणी सांगत नाही. परदेशातल्या लोकांकडे वीज जात नाही, त्यांना हा प्रश्न पडत नाही. मी बोळाच्या टोकाला इन्व्हर्टरच्या सॉकेटवर एक प्लग लावला आणि सेन्सर त्याच्यामार्फत नव्याने जोडला. पुन्हा मेन पाडला. लागला.

आणि चिकटपट्टी? ती मी काढून टाकली. स्मार्ट बल्बही काढला. आता तिथे साधा एलईडी बल्ब आहे आणि भिंतीतल्या बोर्डात बटणामागे झिगबीचा रिले बसवलाय. हब सांगेल तेव्हाही दिवा लागतो, बटण दाबलं तरी लागतो. आपल्याकडे बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रलची तार बहुधा तिथेच मिळते, त्यामुळे रिले बसवणं सोपं जातं. पण बोर्डाची पेटी पत्र्याची असेल तर रेडिओ कोंडतो, आधी बघून घ्या. आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मीही तेच केलं.

हब स्वतःच बिघडला तर? बिघडू शकतो, यंत्रच आहे. त्यासाठी झिगबीत काही बटणं आणि दिवे एकमेकांशी थेट बांधता येतात, मग मध्ये हबची गरज राहत नाही. सासूबाईंच्या उशाशी असं एक बिनतारी बटण आहे, बोळातल्या रिलेशी बांधलेलं. तर आता त्या एका दिव्याला तीन रस्ते आहेत. हबमार्फत सेन्सर, थेट बांधलेलं बटण आणि भिंतीवरचं बटण. घरातल्या बाकी पस्तीस वस्तूंसाठी मी एवढा खटाटोप केलेला नाही, करायची गरजही नाही. टीव्हीमागचा रंगीत दिवा नाही लागला तर नाही लागला.

सुरक्षेबद्दल थोडंसं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका प्रोग्रामनं कारखान्यातूनच आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ते कॅमेरे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरातलेच होते. हुकूम घरात असले की उपकरणांना बाहेर जाऊ देण्याची गरजच उरत नाही. माझे प्लग राउटरमधूनच बाहेर जायला बंद केलेत. पुण्याला मुलीकडे गेल्यावर चेन्नईचं घर बघायचं असेल तर व्हीपीएन वापरतो. राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार उघडून ठेवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

हे सगळं फुकट मिळत नाही, तेही सांगतो. तयार कंपनीचा बल्ब पाच मिनिटांत लागतो. मला हे सगळं जमवायला दोन महिने लागले, आणि मला आवड आहे. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या येतात, त्यात कधी कधी चालू असलेलं मोडतं. म्हणून पावसाळ्यात, ऑक्टोबर ते डिसेंबर, मी हबला हात लावत नाही. दर आठवड्याला बॅकअप आपोआप पेनड्राइव्हवर जातो. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेनं सेन्सरच्या बॅटरीची टोकं गंजतात, ती वर्षातून दोनदा पुसतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं असंच घर केलं होतं, माझ्यापेक्षा भारी. ते अचानक गेले. त्यांच्या पत्नीला गीझरसुद्धा लावता येईना, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेले. शेवटी मुलानं येऊन सगळं उपटून साधी बटणं बसवली. त्या बाई मला म्हणाल्या, भाऊ, ते गेल्यावर महिनाभर मी थंड पाण्यानं आंघोळ केली.

त्या दिवशी घरी येऊन मी दोनशे पानी वही काढली. आता ती वीज मीटरच्या पेटीजवळ दोरीनं टांगलेली आहे. पहिल्या पानावर मराठीत आणि खाली पत्नीच्या हस्ताक्षरात तमिळमध्ये, इलेक्ट्रिशियनसाठी: हबची पिन काढली तर काय चालू राहील, काय बंद होईल, कुठला रिले कुठल्या बोर्डात आहे. पासवर्डाचं पाकीट कपाटात कुठे आहे ते पत्नीला आणि मुलीला माहीत आहे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी मी खुर्चीत बसतो, एक शब्द बोलत नाही, आणि पत्नी फक्त वही बघून हब बंद करते आणि पुन्हा सुरू करते. मागच्या खेपेला तिला अकरा मिनिटं लागली. शिवाय वहीतल्या माझ्या दोन चुका तिनं लाल पेननं दुरुस्त केल्या.

तुम्ही हब घ्या न घ्या, या रविवारी एक कराच. संध्याकाळी सात वाजता इंटरनेटची वायर काढा आणि घरभर फिरून कागदावर लिहा, काय काय बंद पडलं. मग मेन स्विच पाडून पुन्हा तेच करा, घरात ज्येष्ठ कोणी असतील तर त्यांना आधी सांगून. ती यादी मला पाठवा.

पुढच्या भागात खालच्या संपची मोटर आणि गच्चीवरची टाकी घेऊ. त्या कामात मी दोनदा शॉक खाल्लाय, तेव्हा तोपर्यंत तुमच्या मोटरचा एमसीबी कुठे आहे तेवढं शोधून ठेवा.